आवडीच्या तासाचं गाणं

संगीताच्या बाई रागावल्याचं शाळेत कुणालाच आठवत नव्हतं. मूल बेसूर गायलं तर त्या म्हणत, "सूर घरी विसरलास का रे? उद्या घेऊन ये." आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारत, "आणलास?" मूल हसत हसत पुन्हा गाऊन बघे. बावीस वर्षं त्या अशाच शिकवत आल्या होत्या.

पण त्यांचा जीव अडकला होता तो शुक्रवारच्या शेवटच्या तासात. वेळापत्रकात त्याचं नाव 'संगीत', पण सगळी शाळा त्याला 'आवडीचा तास' म्हणे. दर शुक्रवारी दोन मुलांनी आपल्या आवडीचं एकेक गाणं आणायचं, वर्गाला ऐकवायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. नियम एकच, आणि तो बाईंनी फळ्याच्या वर रंगवूनच घेतला होता: 'दुसऱ्याच्या कानांनी ऐकायचं नाही.' शेजारची म्हणते म्हणून आवडलं, दादा म्हणतो म्हणून आवडलं, हे चालणार नाही. 'का' या प्रश्नाचं उत्तर आपलं आपण द्यायचं.

या तासावर गणिताच्या सरांचा डोळा होता. सातवीचं गणित कच्चं आहे, शुक्रवारचा शेवटचा तास मला द्या, अशी त्यांची हेडसरांकडे वर्षभर भुणभुण चाले. हेडसर दर वेळी म्हणत, "बाई घेताहेत तोवर तो त्यांचा. त्यांनी सोडला तर तुमचा." आणि बाई काही तो सोडणाऱ्या नव्हत्या. आपण आयुष्यात एकच काम धड केलं आणि ते म्हणजे हा तास, असं त्यांना मनापासून वाटे.

वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी बाई स्वतःची आवड सांगत. ती ठरलेली होती: 'उन्हं उतरताना' नावाची, एका व्हायोलिनवादकाची जुनी रेकॉर्ड. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानं आणून दिलेली. ती काढणारी छोटी कंपनी पुढे बुडाली आणि तसली रेकॉर्ड पुन्हा कुठे दिसली नाही. बाईंच्या रेकॉर्डवरून कॅसेट झाली, कॅसेटवरून ती मोबाइलवर गेली, आणि आजी-माजी विद्यार्थ्यांच्या घराघरांत तीच नक्कल पोचली.

त्यातला चौथा तुकडा, 'रिकामी खुर्ची', म्हणजे बाईंचा प्राण. तुकड्याच्या मध्यावर गज एकदम थांबतो. श्वास घ्यावा इतकाच वेळ. मग सूर परत येतो तो जरा खालून, दबकत, परक्या घरात पाहुण्यानं शिरावं तसा. बाई हात वर करून म्हणत, "आता ऐका हं... इथे! इथे त्यांना आई आठवली." कव्हरच्या मागे तसं छापलेलंच होतं: आई गेल्यावर आठच दिवसांत वादकानं हा तुकडा वाजवला. वर्ग श्वास रोखून बसे. एखादीच्या डोळ्यांत पाणी येई. बाईंच्या तर दर वर्षी.

आणि यंदा ते वादक स्वतः शाळेत येणार होते. सातवीतल्या चष्मिसच्या मावशीच्या इमारतीत, तळमजल्यावर ते एकटे राहतात, असा शोध लागला होता. चष्मिस म्हणजे जाड भिंगांची, सडेतोड बोलणारी मुलगी. तिनं मावशीकरवी विचारलं, आणि उत्तर आलं, येतो.

बुधवारी सकाळी ते आले. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, कोटाचं एक बटण वेगळ्याच रंगाचं. हातात व्हायोलिनची पेटी. हेडसरांनी स्वागत केलं तेव्हा म्हणाले, "मला मुलांची भीती वाटते हो. मोठी माणसं निदान ऐकल्यासारखं तरी करतात."

सभागृहात दोनशे मुलं बसली होती. बाईंनी घरचा रेकॉर्ड प्लेयर टेबलावर मांडला होता. बावीस वर्षं जे मुलांना ऐकवलं, ते आज वाजवणाऱ्यासमोर ऐकवायचं. त्या एवढंच म्हणाल्या, "आज मी काही सांगत नाही. सांगणारे समोर बसलेत." आणि त्यांनी चौथ्या तुकड्यावर सुई टेकवली.

व्हायोलिन सुरू झालं. वादक पुढे झुकले, एक हात कानामागे धरला, कपाळावर आठी. बाईंना भरून आलं. स्वतःचं तरुणपण ऐकताहेत, त्या मनात म्हणाल्या. गज थांबला. बाईंचा हात सवयीनं वर गेला. दोनशे मुलांनी श्वास रोखला. सूर परत आला, दबकत, आणि हळूहळू तुकडा संपला.

पहिली टाळी खुद्द वादकांनीच वाजवली. हेडसरांनी त्यांच्या हाती माइक दिला.

"वा!" ते म्हणाले. "काय हात आहे! कोण वाजवतंय हे?"

सभागृह खदखदून हसलं. हेडसर सगळ्यांत मोठ्यानं हसले. वादक मात्र हसले नाहीत. त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"नाही, खरंच विचारतोय. नाव काय या माणसाचं?"

"अहो, तुम्हीच की!" बाई अजून हसतच होत्या.

"मी?" त्यांनी मान हलवली. "बाई, हे मी वाजवलेलं नाही."

हसू ज्याच्या त्याच्या तोंडावर होतं तसंच राहिलं. बाईंना वाटलं, वय झालंय, विसरले असतील. त्यांनी घाईघाईनं कव्हर त्यांच्यापुढे धरलं. वादकांनी चष्मा चढवला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"कव्हर माझं. फोटोही माझाच, केस होते तेव्हाचा. तुकड्यांची नावं माझी. पण आत वाजतंय ते माझं नाही. मी माझा हात ओळखणार नाही का?"

"पण... पण 'रिकामी खुर्ची'... आई गेल्यावर तुम्ही..."

पुढच्या रांगेतून चष्मिसनं हात वर न करताच विचारलं, "म्हणजे तुम्हाला आई आठवली नव्हती?"

"आई?" वादक म्हणाले. "बाळ, माझी आई ही रेकॉर्ड निघाल्यावर चांगली अकरा वर्षं जगली. हे मागचं कंपनीच्या माणसानं लिहिलं, खप वाढावा म्हणून. आईनं ते वाचलं आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, धडधाकट बसलेय मी इथे, आणि तू मला छापून मारलंस!"

मुलं पोट धरून हसली. शिपाईमामा दारात हसले. गणिताचे सर रुमाल तोंडाला लावून हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा एक हात रेकॉर्ड प्लेयरच्या झाकणावर होता, आणि तो आपला आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

पुढचा कार्यक्रम कसा पार पडला ते त्यांना नीट आठवेना. वादकांनी दोन हलकेफुलके तुकडे वाजवले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, हेडसरांनी आभार मानले. मग संगीताच्या खोलीत, बाजाच्या पेट्यांच्या रांगेशेजारी, दोघं चहाचे कप घेऊन बसले.

"मी गप्प बसायला हवं होतं," वादक म्हणाले. "तोंडातून निघून गेलं."

"छे, छे. तुमचं काय चुकलं?" बाई म्हणाल्या. पण त्यांचा चहा गार होत होता. "उलट मीच... मी तुम्हाला पत्रसुद्धा लिहिलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, कंपनीच्या पत्त्यावर. तुम्हाला आठवत नसेल."

वादकांनी कप खाली ठेवला.

"ते पत्र तुमचं?"

"मिळालं होतं?"

"मिळालं होतं म्हणजे! फिरत फिरत सहा महिन्यांनी आलं." ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "खाली सहीच्या जागी नुसतं 'एक शिक्षिका' होतं, पत्ता नव्हता. बाई, ते पत्र आलं तेव्हा मी वाजवणं सोडून दोन वर्षं झाली होती. पेटी माळ्यावर टाकली होती. आणि कुणीतरी लिहितंय, चौथ्या तुकड्यात मध्यावर तुम्ही जे थांबता, त्या थांबण्यासाठी मी ही रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावते. मी चक्रावलो. मी कुठे थांबलो? माझी रेकॉर्ड काढली, लावली. एकदा, दोनदा, दहा वेळा. थांबा काही सापडेना. सापडेल कसा? माझ्या तुकड्यात तो नाहीच!"

"मग?"

"मग काय. मला वाटलं, वाजवणाऱ्याला जे ऐकू येत नाही ते ऐकणाऱ्याला येतं. ही बाई म्हणते आहे म्हणजे असणार. पेटी खाली काढली आणि तो थांबा शोधत बसलो. तीन महिने. शेवटी एके दिवशी गज थांबला, आपसूक. तेव्हापासून मी पुन्हा वाजवतोय. चौदा वर्षं त्या थांब्यावर जगलोय म्हणा ना."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सभागृहातला धक्का त्यांना मोठा वाटला होता. आता कळलं, तो तर नुसती नांदी होती.

"म्हणजे मी तुम्हाला दुसऱ्याच कुणाचं कौतुक पाठवलं."

"हो."

"आणि तुम्ही ते..."

"घेतलं. वाजवलं. मिरवलंसुद्धा." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "तुमचे आभार मानावेत की तुमच्याशी भांडावं, तेच मला कळत नाहीये."

मग त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली. "थांबा. दाखवतोच तुम्हाला. माझी खरी 'रिकामी खुर्ची', तुमच्या थांब्यासकट."

ते वाजवू लागले. चाल निराळीच होती. जरा वेगातली, वर चढत जाणारी. मध्यावर गज थांबला, श्वासाइतकाच, आणि सूर परत आला. वाजवून झाल्यावर त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं आणि एखाद्या मुलानं विचारावं तसं विचारलं, "आवडलं?"

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर येईना. आवडलं की नाही? चाल चांगली होती. थांबा चांगला होता. पण आवडलं का? त्या शोधत राहिल्या, आणि आत काही सापडेना. जणू हा तुकडा कुणाचा, कधीचा, कशासाठी वाजवलेला, हे कुणी सांगितल्याशिवाय त्यांना आवडवून घेताच येत नव्हता. बावीस वर्षं मुलांना 'का' विचारणाऱ्या बाईंना साधं 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईना.

वादकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच पेटी मिटली. "राहू दे. सावकाश सांगा," ते म्हणाले. पण जाताना त्यांची पाठ थोडी वाकलेली वाटली, ते बाईंना चटका लावून गेलं.

संध्याकाळी बाईंनी रेकॉर्ड नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. नवरा घड्याळजी, पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि तबकडी उजेडात कलती केली.

"लेबलावर नंबर चारशे सतरा. आणि इथे, रेघा संपतात तिथे प्लास्टिकात कोरलाय तो... चारशे एकाहत्तर. आकड्यांची अदलाबदल. कारखान्यात लेबलं लावणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असणार, सुटीची वाट बघत."

"चारशे एकाहत्तर कोण?"

"ते कोण सांगणार आता? कंपनी गेली, कागद गेले." त्यानं भिंग काढलं. "अगं, एवढं काय? गाणं तेच आहे ना? सकाळपासून बदललं का ते?"

"गाणं तेच आहे. मी काय ऐकत होते ते कळेनासं झालंय." बाई खुर्चीत टेकल्या. "त्या थांब्यात मला आई दिसायची. आई कव्हरवर होती, गाण्यात नव्हतीच. बावीस वर्षं मी मुलांना कव्हर वाचून दाखवलं, आणि वर नियम करते, दुसऱ्याच्या कानांनी ऐकू नका!"

"मग मुलांना तसं सांग."

"सांगणारच आहे. आणि तास सोडणार आहे."

नवऱ्यानं चमकून पाहिलं. पोटच्या पोरासारखा जपलेला तास! पण बाईंनी कागद ओढला आणि हेडसरांच्या नावे अर्ज लिहून टाकला: शुक्रवारचा शेवटचा तास पुढच्या आठवड्यापासून गणिताला द्यावा. ज्याला आपली आवड धड ओळखता येत नाही, त्यानं दुसऱ्यांना आवडीचे धडे देऊ नयेत. हे दुसरं वाक्य त्यांनी नंतर खोडलं.

शुक्रवारी त्या सातवीच्या वर्गात आल्या तेव्हा अर्ज त्यांच्या हातातच होता. वर्ग सुटला की द्यायचा. वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. बुधवारपासून शाळेत दुसरा विषयच नव्हता.

"मुलांनो, आज गाणी नकोत. मला थोडं बोलायचंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. लेबल, नंबर, कव्हर, पत्र. काही राखून ठेवलं नाही. "मी दर वर्षी सांगत आले, इथे त्यांना आई आठवली. ते खोटं निघालं. मी मुद्दाम खोटं बोलले नाही, पण तुम्हाला खोटं ऐकायला लावलं. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या जागी रडलात. मला माफ करा."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मागच्या बाकावर कुजबुज झाली. मग चष्मिस उभी राहिली.

"बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावलेय का?"

"नाही, म्हणूनच तर सांगायला भीती वाटते." तिनं चष्मा वर सरकवला. "आम्हाला तो तुकडा फारसा आवडत नाही. म्हणजे, कुणालाच. मला तर झोप येते."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पण तू तर पहिल्या शुक्रवारी रडली होतीस."

"जांभई दाबली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. एकेक मान खाली जात होती. एकेक चेहरा ओशाळत होता.

"सगळेच?" त्यांनी विचारलं.

"मला तो आवडतो," खिडकीजवळचा एक जण म्हणाला. "पण मला वाटलं होतं की तिथे तार तुटली असेल आणि त्यांनी पटकन सावरलं असेल. तुम्ही आई म्हणालात म्हणून मी गप्प बसलो."

"आणि तुम्ही आणता ती गाणी?" बाईंनी विचारलं. "सगळी संथ, सगळी उदास. मला वाटायचं, काय समंजस मुलं आहेत!"

चष्मिसनं मोठा श्वास घेतला. "बाई, आम्ही दोन गाणी ठेवतो. एक आवडीचं आणि एक आवडीच्या तासाचं. दादाच्या वर्गातही तसंच होतं. त्यानंच सांगितलं मला, बाईंना थांबणारं गाणं दे, त्या खूश होतात."

बाई खुर्चीत बसल्या. तिसरा धक्का होता हा, आणि पहिले दोन त्याच्यापुढे काहीच नव्हते. इतकी वर्षं, इतके वर्ग, इतकी मुलं. ती गाणी का आवडतात ते किती छान सांगायची सगळी! आणि ते सगळं बाईंच्या कानांसाठी शिवलेलं होतं, मापात. कव्हर वाचणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. मुलांनी बाईंनाच कव्हर करून टाकलं होतं.

खरं म्हणजे आता अर्ज अधिकच पटायला हवा होता. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. पण त्यांच्या मनात एक साधा प्रश्न वर आला आणि तो काही केल्या खाली बसेना.

"मग आवडीचं कुठलं?" त्यांनी विचारलं.

चष्मिस हळूच खाली बसली.

"अरे, विचारतेय मी. तुमची खरी गाणी कुठली? मला एकही माहीत नाही."

तेव्हा पहिल्या बाकावरून मुंगी उठली. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी, वर्षभरात दोन वाक्यं बोललेली मुलगी. तिनं गाणी लावायला टेबलावर ठेवलेल्या शाळेच्या फोनवर काहीतरी शोधलं, बाईंकडे एकदा पाहिलं आणि लावलं.

दणदणाट सुरू झाला. खिडकीची तावदानं थरथरली. कुठून तरी मोटारीचा भोंगा वाजला, कुत्रं भुंकलं, आणि एक पुरुष घसा फाटेस्तोवर कसल्याशा हरवलेल्या चपलेबद्दल गाऊ लागला. मध्येच त्याला हसू फुटलं, पुढचे शब्द निसटले, मागचे वाजवणारेही हसले, आणि मग सगळे पुन्हा गाण्यात घुसले. मुंगी मान हलवत होती. मागचा बाक हातांनी ठेका धरत होता. बाई टेबलाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

गाणं संपलं. कानात शिट्टी वाजत होती.

"हे का आवडतं तुला?" बाईंनी सवयीनं विचारलं.

"तो हसतो ना, म्हणून," मुंगी म्हणाली. "खरंच हसतो. ते चुकलं होतं, पण त्यांनी काढून नाही टाकलं."

गोड काहीतरी बोलायचं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला नाही आवडलं," त्या म्हणाल्या.

वर्ग दचकला. बाईंनी मुलाच्या गाण्याला असं म्हटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. चष्मिसनं तोंडावर हात ठेवला. मुंगी मात्र रडवेली झाली नाही की खाली बसली नाही. तिनं मान वर करून विचारलं, "का?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज मोठा आहे म्हणून? चप्पल हा काय गाण्याचा विषय आहे म्हणून? की तो माणूस हसला तेव्हा त्यांनाही हसू येऊ पाहत होतं आणि त्यांनी ते दाबलं, म्हणून? बुधवारी संगीताच्या खोलीत आत चाचपडताना काहीच हाताला लागलं नव्हतं. आज काहीतरी लागत होतं, पण त्याला नाव देता येत नव्हतं.

घंटा झाली. एकही मूल उठलं नाही. बाईंनी अर्जाची घडी घातली, अजून एक घडी घातली आणि कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"चष्मिस, पुढच्या शुक्रवारची दोन नावं फळ्यावर लिही," त्या म्हणाल्या. मग मुंगीकडे वळल्या. "तुला का ते सांगते. पण एकदा ऐकून नाही सांगता यायचं मला. पुन्हा लाव."